नाही म्हणता न येणारा सोबती

व्हिडिओ गेमसाठी गोष्टी आणि पात्रं लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. पुण्यातल्या छोट्या स्टुडिओंमध्ये काम करताना माझ्या वाट्याला बहुतेक वेळा न बोलणारी पात्रं आली. राखणदार, जनावरं, यंत्रं. त्यांतही सगळ्यात जास्त जीव मी लावला तो गोलेमवर. माती, दगड किंवा धातूपासून माणसाने घडवलेला आणि मंत्राच्या जोरावर चालता केलेला देह म्हणजे गोलेम. बहुतेक गेममध्ये तो गुहेच्या तोंडाशी उभा असतो, आपण त्याला फोडतो आणि पुढे जातो. मला तो नायक म्हणून हवा असतो. माणूस नसलेला, तरीही ज्याच्या जाण्याने खेळणाऱ्याचा हात थबकेल असा. त्याला तसं उभं करताना जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे.

१. तो कोणासाठी उभा आहे, हे आधी ठरवावं

गोलेमची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट प्रागची. तिथले राब्बी येहुदा लोव हे मोठे विद्वान, १६०९ मध्ये वारले. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने त्यांच्या नावाभोवती ही दंतकथा जमली. व्ल्टावा नदीकाठच्या मातीतून त्यांनी एक देह घडवला आणि तो ज्यू वस्तीच्या रक्षणाला उभा केला. त्या काळच्या युरोपात ज्यूंवर एक भयंकर आळ पुन्हा पुन्हा घेतला जाई, की ते ख्रिस्ती मुलांचं रक्त सणाच्या भाकरीत वापरतात. त्या खोट्या आळापायी माणसं मारली जात. १९०९ मध्ये राब्बी युडल रोझेनबर्ग यांनी पुस्तक लिहून गोलेमचं जे रक्षणकर्त्याचं रूप ठळक केलं, ते या भीतीतून जन्मलेलं आहे.

याहून पुष्कळ जुना उल्लेख ताल्मूदच्या सनहेड्रिन या भागात सापडतो. रावा नावाच्या पंडिताने एक माणूस घडवला आणि राब्बी झेरांकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलले, उत्तर आलं नाही. हा कोणी आईच्या पोटी जन्मलेला नाही हे त्यांनी ओळखलं आणि त्याला मातीत परत जायला सांगितलं. गेममधल्या गोलेमच्या मुकेपणाची मुळं इतकी खोल गेलेली आहेत.

गेमच्या दुनियेत आल्यावर गोलेमचं शरीर टिकलं, वस्ती मात्र पुसट झाली. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये कँटलिन नावाच्या तटबंदीच्या शहराबाहेर एक गोलेम उभा असतो. परीची बासरी वाजवली की तो झोपतो, मग त्याला हरवून आत जायचं. खेळताना तो अडथळा वाटतो. पण तो शहराच्या वेशीवर उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे माणसं राहतात, हे लक्षात आलं की तीच लढाई वेगळी दिसू लागते. म्हणून गोलेमची उंची, रंग, ताकद यातलं काहीही ठरवण्याआधी मी त्याची वस्ती लिहून काढते. तिथे कोण राहतं, त्यांना कोणाची भीती आहे, आणि त्यांच्या मदतीला दुसरं कोणीच का येणार नाही. या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो गोलेम नाही, नुसता चालता दगड आहे.

२. निष्ठा नियमात दिसावी, संवादात नको

याचा सर्वांत सुंदर नमुना ‘माइनक्राफ्ट’मधला लोखंडी गोलेम आहे. हा २०१२ मध्ये आला. लोखंडाचे चार ठोकळे इंग्रजी टी अक्षरासारखे रचायचे आणि वर कोरलेला भोपळा ठेवायचा, की तो उभा राहतो. एका ठोकळ्याला लोखंडाच्या नऊ विटा लागतात, म्हणजे एकूण ३६. गेमच्या सुरुवातीला ही रक्कम फार मोठी असते. गावांमध्ये तो आपसूकही जन्म घेतो. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. तरी लाखो मुलं त्याच्यावर माया करतात, कारण तो कसा आहे हे त्याच्या वागण्याच्या नियमांतून कळतं.

ते नियम नीट पाहावेत. तुम्ही स्वतः घडवलेला गोलेम तुमच्यावर कधीच हात उचलत नाही, तुम्ही त्याला मारलंत तरी. गावात जन्मलेला गोलेम मात्र, तुम्ही त्याच्यासमोर गावकऱ्याला फटका मारलात की थेट तुमच्यावर चालून येतो. त्याला तुमची शूरवीर म्हणून असलेली ओळख माहीत नाही, हा सगळा खेळ तुमच्यासाठी मांडला आहे हेही माहीत नाही. त्याची निष्ठा गावाशी आहे. मला या दोघांतला दुसरा जास्त प्रिय आहे. पहिल्याच्या निष्ठेने मी अस्वस्थ होते, दुसऱ्याची निष्ठा मला आदर करायला लावते.

हाच गोलेम कधी कधी गावातल्या लहान मुलासमोर थांबतो आणि हातातलं लाल खसखशीचं फूल पुढे धरतो. मियाझाकींच्या १९८६ च्या ‘कॅसल इन द स्काय’ या चित्रपटातल्या फूल देणाऱ्या यंत्रमानवाला केलेला तो नमस्कार आहे. त्या फुलाने कोणाची ताकद वाढत नाही, गुण मिळत नाहीत. पण आत काही आहे की नाही अशी शंका ज्याच्याबद्दल आहे, तो उपयोगाबाहेरचं काहीतरी करतो आहे, एवढं त्यातून दिसतं. मार बसला की त्याच्या अंगावर भेगा पडतात, आणि लोखंडाची वीट हातात घेऊन त्या बुजवता येतात. त्याने आपल्याला राखायचं आणि आपण त्याला सांधायचं, हे नातं गेममध्ये कुठेही बोलून दाखवलेलं नाही.

याच गेममध्ये खेळणाऱ्यांनी ‘आयर्न फार्म’ शोधून काढले. गावकऱ्यांना कोंडून त्यांच्यासमोर झॉम्बी ठेवायचा. ते घाबरले की रक्षक जन्मतो. जन्मल्याबरोबर तो लाव्ह्याकडे ढकलला जातो आणि त्याचं लोखंड पेटीत जमा होतं. लोखंडाबरोबर तो बाळगत असलेली लाल फुलंही पेटीत येऊन पडतात. ही युक्ती करणाऱ्या मुलांना मी बोल लावत नाही, बुद्धीचं काम आहे ते. पण माझ्या प्रत्येक कागदावर मी आता एक प्रश्न लिहिते: मी लिहिलेल्या नियमांतून याची शेती करता येईल का? येत असेल, तर मी त्याला नायक म्हटल्याने काही होणार नाही. खेळणारे माझ्या शब्दांवर नाही, नियमांवर विश्वास ठेवतील.

३. घडवणाऱ्याचं काहीतरी गेलं पाहिजे

‘डायब्लो २’ हा २००० सालचा गेम. त्यातला नेक्रोमॅन्सर चार प्रकारचे गोलेम घडवतो: माती, रक्त, लोखंड आणि आग. एका वेळी एकच. मातीचा सहज होतो, मेला तर पुन्हा उठवता येतो, म्हणून त्याची कोणाला पर्वा नसते. लोखंडाच्या गोलेमसाठी मात्र तुमच्याकडची धातूची एक वस्तू, तलवार किंवा चिलखत, जमिनीवर ठेवावी लागते. ती वस्तू कायमची जाते आणि तिचे गुण गोलेममध्ये उतरतात. चांगली वस्तू दिलीत तर चांगला गोलेम. कॉलेजात असताना आमच्या भागातल्या सायबर कॅफेत मी पाहिलेलं आहे, ज्यांनी मौल्यवान शस्त्र देऊन गोलेम केला ते त्याला संकटात पुढे ढकलत नसत. स्वतः पुढे होत. राखणारा आणि राखला जाणारा यांची अदलाबदल मी तिथे प्रथम पाहिली.

उलट ‘क्लॅश रोयाल’मध्ये आठ एलिक्झिर टाकले की गोलेम हजर होतो. तो बुरुजाकडे चालत जातो, फुटतो, त्यातून दोन छोटे निघतात, तेही फुटतात. डावपेच म्हणून हे उत्तम आहे. पण एलिक्झिर आपोआप भरत राहतं, त्यामुळे त्याच्या फुटण्याने कोणाचं काही जात नाही.

कार्यशाळेत हा विषय निघाला की कोणीतरी पार्वतीची गोष्ट काढतंच. अंगाच्या मळातून घडवलेला मुलगा, दारावर उभा, आईचा शब्द पाळताना साक्षात शंकराला अडवतो आणि प्राण गमावतो. मी मुलांना त्यापुढचा भाग वाचायला लावते. घडवणारी आई खवळते. माझ्या शब्दाखातर तो मेला, त्याला परत आणा, असं म्हणून ती देवांना धारेवर धरते. आपला रक्षक पडल्यावर त्याच्यासाठी भांडायला उभी राहणारी निर्माती मला गेममध्ये फार क्वचित भेटली आहे.

४. हुकमाची दोरी तुटल्यावर तो काय करतो, तिथे नायक दिसतो

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ हा बायोवेअरचा २००९ चा गेम. त्यात शेल नावाची दगडी गोलेम आहे. या विषयावर काम करणाऱ्या कोणालाही मी आधी तिच्याकडे पाठवते.

होनलीथ नावाच्या गावाच्या चौकात शेल जवळपास तीस वर्षं पुतळ्यासारखी उभी आहे. हलता येत नाही, पण सगळं दिसतं, कळतं. त्या काळात अंगावर बसून घाण करणाऱ्या पक्ष्यांचा तिला इतका तिटकारा आला आहे की जागी झाल्यावरही तो जात नाही. तुमच्या हाती नियंत्रणाची कांडी येते. तुम्ही तिला जागं करता, हुकूम देता, आणि काहीच घडत नाही. कांडी निकामी झालेली आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणाचंही ऐकायची सक्ती नाही, आणि या मोकळेपणाचं करायचं काय हे तिला कळत नाही. ती तुमच्यासोबत निघते, कारण दुसरीकडे जाण्यासारखं तिच्याकडे काही नाही.

इथे लेखकांनी एक जुनी भीती उलटी केली आहे. गोलेमचा ताबा सुटला की तो उधळतो, हे ठरलेलं असतं. पोकेमॉनमधल्या गोलर्कच्या छातीवरचं सील काढलं तर त्याच्या आतली ऊर्जा आवरत नाही. शेलचा ताबा सुटतो आणि तिथून पुढे ती विचार करायला लागते.

मग येतो कॅरिडिनचा प्रसंग. बुटक्यांच्या राज्यातला हा थोर लोहार. त्याने एका जादुई ऐरणीवर गोलेम घडवले, आणि त्यांत जीव ओतण्यासाठी जिवंत माणसं वापरली. आधी स्वेच्छेने पुढे आलेले वीर. पुढे राजाने गुन्हेगार, जातीबाहेर टाकलेले आणि आपले विरोधक पाठवायला सुरुवात केली. कॅरिडिनने हरकत घेतली तेव्हा त्यालाच ऐरणीवर घातलं. त्याच्या शिष्यांना त्याची कांडी मात्र बनवता आली नाही, म्हणून त्याचं मन त्याच्याच ताब्यात राहिलं. शतकानुशतकं तो त्या ऐरणीजवळ थांबला आहे. ती नष्ट व्हावी एवढंच त्याला हवं, पण गोलेमला तिला हात लावता येत नाही. आणि शेल ही स्वतःहून पुढे आलेली एक बुटकी स्त्री होती, हेही तिथेच कळतं.

समोर ब्रांका नावाची दुसरी लोहार उभी असते. तिला ऐरण चालू करायची आहे. तिच्या बाजूने गेलात तर शेवटच्या युद्धात गोलेमची फौज तुमच्यासाठी लढेल. आमिष खरं आहे, शत्रूही खरा आणि भयंकर आहे. पण ब्रांकाची बाजू घेतलीत आणि शेल सोबत असेल, तर ती त्याच ठिकाणी तुमच्याविरुद्ध लढायला उभी राहते. इतका प्रवास बरोबर केलेला सोबती. मला हा प्रसंग गेमच्या इतिहासातल्या सर्वांत प्रामाणिक प्रसंगांपैकी एक वाटतो. तोवरची तिची सोबत सक्तीची नव्हती, तिने ती निवडली होती, हे तिच्या नकारातून सिद्ध होतं. जो कधी नाही म्हणूच शकत नाही, त्याच्या ‘हो’ची खोली खेळणाऱ्याला कशी कळणार?

५. त्याला माणूस बनवायचा मोह आवरावा

गोलेमबद्दल माया वाटावी म्हणून पहिली सूचना हमखास येते ती डोळ्यांची. मोठे डोळे द्या, अश्रू द्या, शेवटी एक शब्द बोलू द्या. आमच्या एका गेममध्ये खिंडीचा दगडी राखणदार होता. त्याच्या शेवटच्या प्रसंगासाठी अश्रूंचं चित्र तयारही झालं होतं. आम्ही सगळ्यांनी बसून ते काढलं. त्याऐवजी एक छोटी हालचाल ठेवली: पाऊस सुरू झाला की तो वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभा राहतो. खेळणाऱ्याला त्याबद्दल काही सांगितलेलं नाही. चाचणीला आलेली मुलं हळूहळू पावसात त्याच्या खांद्याखाली येऊन थांबू लागली. एका मुलीने त्याला नाव दिलं आणि शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारली.

शेलही माणसांशी वस्तूंशी बोलावं तसं बोलते, मऊ शरीराची तिला कीव येते. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) मध्ये गोलेमवर मनोधैर्याचा परिणाम होत नाही. बाकीचं सैन्य उत्साहात दोनदा चाल करतं किंवा घाबरून थिजतं, गोलेम मात्र होता तसाच. पोकेमॉनमधला रेजिरॉक लढाईत शरीराचा तुकडा पडला तर स्वतःला साजेसे खडक शोधून जोडून घेतो. या सगळ्यांची जाणीव आपल्यासारखी नाही. ती परकी आहे, आणि त्या परकेपणातून आलेली निष्ठा जास्त भिडते. तो माझ्यासारखा आहे म्हणून मला जपतो, एवढं पुरेसं नाही. तो माझ्यासारखा अजिबात नाही, तरी जपतो.

६. वाट पाहणं ही त्याची खरी ताकद

ताकद म्हणजे ठोसा, असं समजून बरेच गेम बनतात. ठोसा कोणताही बॉस मारू शकतो. माणसाच्या आयुष्यात न मावणारा काळ पेलणं फक्त अशाच पात्राला जमतं.

‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५) मधला रोबो यंत्रमानव आहे, गोलेम नाही. पण ही दोन घराणी फार दूरची नाहीत. कारेल चापेकचं ‘आर.यू.आर.’ हे नाटक, ज्यातून यंत्रमानव जगभर गेला, तेही १९२१ मध्ये प्रागच्याच रंगमंचावर आलं होतं. तर रोबो. इ. स. ६०० मध्ये एका उजाड वाळवंटात फिओना नावाची स्त्री जंगल उभं करू पाहते आहे. माणसाच्या आयुष्यात ते होणार नाही. रोबो म्हणतो, मी थांबतो. बाकीचे कालयानात बसून इ. स. १००० मध्ये जातात. त्यांच्यासाठी क्षणभर, त्याच्यासाठी ४०० वर्षं. तिथे आता दाट वन आहे आणि रोबोचं निकामी शरीर एका देवस्थानात जपून ठेवलेलं आहे. त्याला दुरुस्त करून सगळे शेकोटीभोवती बसतात. मी तो प्रसंग अनेकदा अभ्यासला आहे. त्यात एकही लढाई नाही.

‘लीग ऑफ लेजंड्स’मधला गॅलिओ याचं दुःखद रूप. डेमासियाचा हा प्रचंड दगडी रक्षक जादू शोषून घेतो आणि जवळ प्रबळ जादू असेल तेव्हाच जिवंत होतो. एरवी पुतळा बनून सगळं बघत राहतो. ज्या जादूशी लढायला त्याला उभं केलं, तिच्यावाचून त्याला हलता येत नाही, आणि त्याचं राज्य जादूचा द्वेष करतं. असं मूळ लिहून ठेवणाऱ्याला मी मनापासून दाद देते.

७. छोट्या कामालाही मान द्यावा

२०२५ मध्ये ‘माइनक्राफ्ट’मध्ये तांब्याचा गोलेम आला. हा कोणाशी लढत नाही. तांब्याच्या पेटीतल्या वस्तू उचलून दुसऱ्या पेट्यांत लावत फिरतो. हळूहळू त्यावर हिरवा गंज चढतो आणि शेवटी तो पुतळा होऊन थांबतो. कुऱ्हाडीने गंज खरवडता येतो, मेण लावलं तर चढतच नाही. मोठ्या बलिदानापेक्षा अशी रोजची देखभाल खेळणाऱ्याला जास्त जवळ आणते, असा माझा अनुभव आहे.

८. त्याला विश्रांती द्यावी

प्रागच्या दंतकथेतला एक तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. राब्बी दर शुक्रवारी संध्याकाळी गोलेमच्या तोंडातली मंत्राची चिठ्ठी काढून घेत, म्हणजे शब्बाथच्या पवित्र दिवशी त्यालाही काम नसे. एका शुक्रवारी ते विसरले आणि गोलेम उधळला. पुन्हा सांगणारे सगळे उधळण्यावर रमतात. मी त्याआधीच्या सगळ्या शुक्रवारांवर रमते. ज्याला थकवा येतो की नाही हे कोणाला माहीत नाही, त्यालाही सुट्टी होती. ती चुकली तेव्हा वस्तीवर संकट आलं.

आमच्या खिंडीच्या राखणदाराला आम्ही ती सुट्टी दिली. अंधार पडला की तो बसतो, आणि कोणतंही बटण दाबून उठत नाही. सुरुवातीला तक्रारी आल्या. पैसे भरून त्याला उठवता यावं, अशीही एक सूचना आली. ती मी ठामपणे नाकारली आणि सहकाऱ्यांनी साथ दिली. मग दिसलं, की खेळणारे त्या वेळात गावाची पडलेली भिंत रचतात, त्याच्या सांध्यांसाठी दगड गोळा करतात. काही जण तर शत्रू येणार हे माहीत असून त्याच्यापुढे पहारा देत उभे राहतात, आणि त्याबद्दल गेम त्यांना एकही गुण देत नाही.

सध्या पुढच्या गेमवर काम चालू आहे. त्यातला गोलेम गावाला इजा होईल असा हुकूम मानणार नाही, हे ठरलं आहे. वाद आहे तो एवढाच, की हे खेळणाऱ्याला आधी सांगावं की नाही. काही सहकाऱ्यांना वाटतं, पूर्वसूचना न देणं अन्यायाचं होईल. मी सूचनेच्या विरोधात आहे. गावातला लोखंडी गोलेमही आधी बजावत नाही, तरी आपण का मार खाल्ला हे पहिल्या फटक्याला कळतं. चाचणीसाठी दोन्ही प्रकार बनवायला घेतले आहेत.